फिनिशमधलं ‘निघणं’: ‘लॅह्तेॲ’ रोजच्या बोलण्यात कसं वापराल?

फिनलंडला शिकायला किंवा नोकरीला जायच्या तयारीत असलेले लोणावळा-तळेगाव पट्ट्यातले तरुण वाचक, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहायला जाणारे आईवडील, या दोघांकडून एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो. फिनिशमध्ये ‘जाणे’ यासाठी ‘मेन्नॅ’ आहे हे कळतं, पण लोक सारखं ‘लॅह्तेॲ’ म्हणतात, ते नेमकं कधी म्हणायचं? पुस्तकात त्याचा अर्थ इंग्रजीतून दिलेला असतो, एकदा ‘सोडणे’ असा आणि एकदा ‘जाणे’ असा, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

मावळाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. घाटाखाली खोपोलीला वार्टसिला या फिनिश कंपनीचा कारखाना उभा राहिला. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत नौदलाच्या अभियंत्यांचं प्रशिक्षण चालतं, आणि जहाजांच्या इंजिनांच्या धंद्यात वार्टसिला आणि फिनलंडचं वासा शहर ही नावं टाळता येत नाहीत. तेव्हा हे क्रियापद नीट समजून घ्या. माझा एकच आग्रह आहे: इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका. तुमच्याकडे ‘निघणे’ हा शब्द आहे, तो ‘लॅह्तेॲ’ला इंग्रजीतल्या कुठल्याही एका शब्दापेक्षा जवळचा आहे.

वाचण्यापूर्वी: उच्चार कसे लिहिले आहेत

- ‘आ’, ‘ए’, ‘ओ’, ‘ॲ’ हे इथे आखूड उच्चारायचे. लांबवायचे तिथे ‘ऽ’ लिहिला आहे. फिनिशमध्ये लांबीनं अर्थ बदलतो, म्हणून ‘ऽ’ गिळू नका.
- ‘ॲ’ म्हणजे ‘बॅट’मधला स्वर. तो तुम्हाला येतोच.
- ‘ऑ’ लिहिलं आहे तिथे ओठ गोल करून ‘ए’ म्हणा. ‘न्युत’मधल्या ‘यु’साठी ओठ गोल करून ‘ई’ म्हणा. हे दोनच स्वर आपल्याकडे नाहीत.
- ‘त’ आपलाच, दंत्य; ‘द’लाही आपला ‘द’ चालतो. क, त, प यांना फुंकर नको. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.
- ‘लॅह्तेॲ’मधला ‘ह्’ ऐकू आला पाहिजे.

एकाच क्रियापदाच्या दोन दिशा

मराठीत आपण ‘घरून निघालो’ म्हणतो आणि ‘घरी निघालो’ही म्हणतो. क्रियापद तेच, दिशा प्रत्यय सांगतो. ‘लॅह्तेॲ’ अगदी असंच वागतं.

- लॅह्देन कोतोआ: मी घरून निघतो.
- लॅह्देन कोतीन: मी घरी निघतो.
- लॅह्देन तॉइस्तॅ: मी कामावरून निघतो.
- लॅह्देन तॉइहिन: मी कामाला निघतो.

इंग्रजीतून शिकणारा इथे दोन वेगळी क्रियापदं शोधत बसतो. तुम्ही बसू नका. पुढची पायरीही मराठीतल्यासारखीच आहे. ‘जेवायला निघालो’, ‘पोहायला निघालो’ यातल्या ‘-यला’च्या जागी फिनिशमध्ये ‘-माऽन’ किंवा ‘-मॅऽन’ येतो: लॅह्देन स्युऑमॅऽन (जेवायला निघतो), लॅह्देन उइमाऽन (पोहायला निघतो), लॅह्देन सुओमेऽन ओपिस्केलेमाऽन (फिनलंडला शिकायला निघतो).

आणि ‘मला निघायला हवं’ या वाक्यात मराठी ‘मी’ वापरत नाही, ‘मला’ वापरते. फिनिशही इथे कर्त्याचं रूप बदलतं: ‘मिनॅ’ (मी) ऐवजी ‘मिनुन’, म्हणजे शब्दशः ‘माझं’. मिनुन पितॅऽ लॅह्तेॲ. ही रचना इंग्रजीतून समजून घेताना लोक अडतात, मराठी माणसाला अडायचं कारण नाही.

रूपं: ‘त’ कुठे, ‘द’ कुठे

- मिनॅ लॅह्देन: मी निघतो, निघते
- सिनॅ लॅह्देत: तू निघतोस, निघतेस
- हॅन लॅह्तेऽ: तो निघतो, ती निघते
- मे लॅह्देम्मे: आम्ही निघतो, आपण निघतो
- ते लॅह्देत्ते: तुम्ही निघता
- हे लॅह्तेवॅत: ते निघतात

‘घोडा’चं ‘घोड्याला’ होतं तसं इथे ‘ह्त’चं ‘ह्द’ होतं. वर्तमानात आणि भूतकाळात ‘तो, ती, ते’ यांच्यासाठी ‘त’ राहतो, बाकी सगळीकडे ‘द’. भूतकाळ: लॅह्दिन (मी निघालो), लॅह्ति (तो निघाला, ती निघाली). नकार सोपा, सर्वत्र ‘लॅह्दे’च: एन लॅह्दे (मी निघत नाही), एइ लॅह्दे (तो निघत नाही). भूतकाळातल्या नकारात मात्र ‘त’ परत येतो: एन लॅह्तेन्युत (मी निघालो नाही).

मराठी कानाला खास धोका सर्वनामांचा आहे. फिनिश ‘ते’ म्हणजे तुम्ही, आणि फिनिश ‘हे’ म्हणजे ते लोक. पहिले काही आठवडे हे उलटसुलट होणारच, म्हणून क्रियापदाच्या शेवटाकडे लक्ष द्या. तोच खरा पुरावा. ‘हॅन’ला लिंग नाही. ‘मे’मध्ये आम्ही आणि आपण दोन्ही येतात.

बोलताना ‘आपण निघूया’साठी एकच रूप पाठ करा: लॅह्देतॅऽन. प्रश्न करायचा तर लॅह्देतॅऽन्कॉ? म्हणजे ‘निघूया का?’ पाळणाघरातून नातवाला आणायला गेलेल्या आजीआजोबांना ‘लॅह्देतॅऽन कोतीन’ (चल, घरी जाऊया) एवढं वाक्य आलं तरी रोजचं काम भागतं.

पुस्तकातलं ‘मिनॅ लॅह्देन’ रस्त्यावर ‘मॅ लॅहेन’ ऐकू येईल आणि ‘लॅह्देतॅऽन’ हे ‘लॅहेतॅऽन’. ओळखायला शिका. बोलताना पुस्तकी रूप वापरलंत तरी कुणाला काही वाटत नाही.

प्रत्यय: लोणावळा लोकलवर सराव करा

फिनिशमध्ये 15 विभक्ती मोजतात हे ऐकून अनेक जण पुस्तक मिटतात. या क्रियापदाची दिशा सांगायला चारच पुरतात:

1. आतून बाहेर: ‘-स्ता’ किंवा ‘-स्तॅ’
2. पृष्ठभागावरून, जागेवरून: ‘-ल्ता’ किंवा ‘-ल्तॅ’
3. आत: शेवटचा स्वर लांबवून ‘न’
4. जागेवर, कामाकडे: ‘-ल्ले’

सरावासाठी हेलसिंकीच्या नकाशाची गरज नाही. पुणे-लोणावळा लोकलची स्टेशनं घ्या, ती तुम्हाला क्रमानं पाठ आहेत. गाडी प्रत्येक स्टेशनातून सुटली की मनात एक वाक्य करा.

- लोणावळा: युना लॅह्तेऽ लोनावालास्ता (गाडी लोणावळ्याहून सुटते). लोणावळ्याला: लोनावालाऽन.
- मळवली: मालाव्लिस्ता, मालाव्लीन. लोहगड-विसापूरला जाणाऱ्यांनी म्हणावं: लॅह्देन मालाव्लिस्ता वुओरिल्ले (मळवलीहून डोंगरावर निघतो).
- कामशेत: नाव व्यंजनात संपतं, म्हणून मध्ये ‘इ’ घाला. कामशेतिस्ता, कामशेतीन.
- कान्हे: कान्हेस्ता, कान्हेऽन.
- वडगाव, तळेगाव: फिनिश माणूस रोमन लिपीत लिहिलेलं नाव बघतो, आणि त्यात शेवटी ‘न’ आहे. म्हणून वाद्गाओनिस्ता, तालेगाओनीन. मराठी उच्चारावरून प्रत्यय लावायला गेलात तर चुकाल.
- देहू: देहुस्ता, देहून.
- पुणे: पुनेस्ता, पुनेऽन.

मुंबईचं रूप थोडं वेगळं आहे, कारण शेवटी दोन स्वर जोडून येतात: मुंबाइस्ता, पण मुंबाइहिन.

‘-स्ता’ की ‘-स्तॅ’ हे नावातले स्वर ठरवतात. आ, ओ, उ यांपैकी एकही असेल तर ‘-स्ता’. नुसते ए आणि इ असतील, किंवा ॲ, ऑ, यु असतील, तर ‘-स्तॅ’. म्हणून पुण्याहून ‘पुनेस्ता’, पण दिल्लीहून ‘देल्हिस्तॅ’.

आता फिनलंडची शहरं. बहुतेकांना आतले प्रत्यय लागतात: तुर्कुचं तुरुस्ता, तुर्कून. हेलसिंकीचं हेल्सिङ्ङिस्तॅ, हेल्सिङ्कीन. एस्पोचं एस्पोऽस्ता, एस्पोऽसेऽन. वासाचं वाऽसास्ता, वाऽसाऽन. पण काही शहरं ‘-ल्ता, -ल्ले’ घेतात आणि त्याला नियम नाही, वहिवाट आहे. टाम्पेरे: ताम्पेरेऽल्ता, ताम्पेरेऽल्ले. वान्ता आणि रोवानिएमी तशीच. तुम्ही ज्या शहरात राहणार आहात त्याची दोन रूपं विमानात बसण्याआधी पाठ करा, बाकीची हळूहळू येतात.

स्टेशन (आसेमा), फलाट (लाइतुरि) आणि विमानतळ (लेन्तोकेन्त्तॅ) यांनाही ‘-ल्ता, -ल्ले’ लागतात. फिरणं, कॉफी, रजा यांच्याकडे निघायचं तरी ‘-ल्ले’: लॅह्देन कॅवेल्युल्ले (फिरायला), काह्विल्ले (कॉफीला), लोमाल्ले (रजेवर).

स्टेशनवर लागणारी वाक्यं

- मिल्लोइन युना लॅह्तेऽ? गाडी कधी सुटते?
- मिल्तॅ राइतेऽल्ता युना लॅह्तेऽ? गाडी कुठल्या रुळावरून सुटते?
- युना ओन लॅह्दॉस्सॅ. गाडी सुटायच्या बेतात आहे.
- युना लॅह्ति यो. गाडी सुटलीसुद्धा.

स्टेशनातल्या फलकावर ‘लॅह्तेवॅत’ असं लिहिलेलं दिसलं की ती सुटणाऱ्या गाड्यांची यादी. विमानतळावर ‘लॅह्तॉ’नं सुरू होणारे शब्द प्रस्थानाशी संबंधित असतात.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. ‘युना लॅह्तेऽ काह्देक्साल्ता’ यात ‘-ल्ता’ दिसला म्हणून ‘आठ नंबरवरून’ असं समजू नका. याचा अर्थ ‘आठ वाजता’. घड्याळाच्या वेळेलाही तोच प्रत्यय लागतो. आठव्या रुळावरून हवं असेल तर ‘राइतेऽल्ता काह्देक्सान’. दुसरं, ‘माझी गाडी चुकली’ हे ‘लॅह्तेॲ’नं सांगता येत नाही. ‘युना लॅह्ति’ म्हटलंत तर फक्त गाडी गेली एवढंच कळतं. स्वतः उशिरा पोचलात हे सांगायचं तर: म्युऑहॅस्त्युइन युनास्ता.

‘मेन्नॅ’ कधी, ‘लॅह्तेॲ’ कधी

जिथून हलायचं ती जागा किंवा ती वेळ महत्त्वाची असेल तर ‘लॅह्तेॲ’. कुठे पोचायचं, वाट कुठली, हे महत्त्वाचं असेल तर ‘मेन्नॅ’. बस कुठे जाते? ‘बुस्सि मेनेऽ ताम्पेरेऽल्ले.’ बस कधी सुटते? ‘बुस्सि लॅह्तेऽ काह्देक्साल्ता.’ उद्या पुण्याला जायचंय हे दोन्हींनी सांगता येतं, त्यात चूक होत नाही. शंका आली तर मनात मराठी वाक्य करा. ‘निघणे’ किंवा ‘सुटणे’ सहज बसत असेल तर ‘लॅह्तेॲ’ बहुतेक बरोबर असतं.

सोबत यायला विचारताना मराठी ‘येतोस का?’ म्हणते, फिनिश पुष्कळदा ‘निघतोस का?’ म्हणते: लॅह्देत्कॉ मुकाऽन? हे निमंत्रण आहे, कुणी तुम्हाला घालवत नाही.

वस्तू मागे राहिली हे ‘लॅह्तेॲ’नं सांगायचं नाही. ‘किल्ली घरी राहिली’ हे फिनिशमध्ये असं: आवाइन यॅइ कोतीन. ‘यॅऽदॅ’ म्हणजे राहणे, थांबणे, म्हणजे निघण्याच्या उलट. म्हणून ‘निघतोस की थांबतोस?’ हे ‘लॅह्देत्कॉ वाइ यॅऽत्कॉ?’ होतं.

निरोप घेताना: इथे मराठी बाजूला ठेवा

आपण घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ अशुभ वाटतं, आणि ही रीत सोडून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण तिचं फिनिश करू नका. ‘तुलेन’ म्हणजे खरोखरच ‘मी येतो आहे’. यजमान तुमची वाट पाहत बसतील. फिनिशमध्ये ‘मिनॅ लॅह्देन न्युत’ (मी आता निघतो) म्हणण्यात कसलाही अपशकुन नाही, उद्धटपणाही नाही.

दुसरी गोष्ट काळाची. मराठीत खुर्चीवरून उठताउठता ‘बरंय, निघालो’ म्हणतो, म्हणजे भूतकाळाचं रूप वापरतो. फोनवर कुणी ‘कुठे आहेस?’ विचारलं आणि तुम्ही अजून बूट घालत असताना ‘लॅह्दिन यो’ म्हणालात, तर समोरचा माणूस तुम्ही रस्त्यात आहात असं धरून वेळ मोजतो. ठरलेली वेळ पाळण्याला तिथे फार मान आहे. अशा वेळी ओलेन लॅह्दॉस्सॅ म्हणा, म्हणजे ‘निघतोच आहे’. सुरुवातीला तरी उठताना वर्तमानकाळच वापरा.

पाहुणे म्हणून गेलात तर हा क्रम पुरतो: ‘मिनुन पितॅऽ न्युत लॅह्तेॲ’ (आता निघायला हवं), ‘कीतोस काह्विस्ता’ (कॉफीबद्दल आभार), ‘नॅह्दॅऽन’ (भेटूया). ‘बसा की अजून’ असा आग्रह आपल्यासारखा होत नाही. त्यात नाराजी शोधू नका.

‘लॅह्दे!’ हे एकटं रूप म्हणजे ‘नीघ!’ ते माणसांना उद्देशून टाळा. कामावर साहेबांना विचारायचं तर ‘साऽन्को लॅह्तेॲ?’ म्हणजे थेट आपलं ‘मी निघू का?’

डाग, बटण, इंजिन

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे दोन भाषा एकमेकींशी अगदी सहज जुळतात.

- ताह्रा एइ लॅह्दे: डाग निघत नाही. हळदीचा डाग घेऊन धुलाईवाल्याकडे गेलात तर हेच वाक्य ऐकाल.
- नाप्पि लॅह्ति इर्ति: बटण निघालं.
- मोऽत्तोरिस्ता लॅह्तेऽ ओउतो ॲऽनि: इंजिनातून विचित्र आवाज निघतोय.
- वुओक्सि लॅह्तेऽ साइमाऽस्ता: वुओक्सि नदी साइमा सरोवरातून निघते.

शेवटच्या वाक्यावरून एक जोड देतो. ‘लॅह्दे’ हे नामही आहे, त्याचा अर्थ झरा. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, हे तिकडच्या मित्राला सांगताना तो शब्द हाताशी ठेवा.

काही ठिकाणी मराठी ‘निघणे’ नसतं, पण फिनिश ‘लॅह्तेॲ’ असतं: आउतो एइ लॅह्दे कॅयुन्तीन (गाडी चालू होत नाही, हिवाळ्यात हे फार ऐकू येतं), विएस्ति लॅह्ति (मेसेज गेला), माऽनान्ताइस्ता लॅह्तिएन (सोमवारपासून). शेवटचं रूप पत्रांत आणि सूचनांत सतत दिसतं, ते ओळखता आलंच पाहिजे.

उलट बाजूनं, ‘तो हुशार निघाला’, ‘नवं दुकान निघालं’, ‘पुस्तक निघालं’, ‘सूर्य निघाला’ यांपैकी एकालाही ‘लॅह्तेॲ’ लावू नका. या प्रत्येकासाठी फिनिशमध्ये वेगळं क्रियापद आहे.

नोकरी ‘सोडली’ हे सांगताना जपून

‘लॅह्दिन तॉइस्तॅ’ याचा पहिला अर्थ ‘मी आज कामावरून निघालो’ असाच घेतला जातो. राजीनामा दिला हे सांगायचं असेल तर ‘इर्तिसानोउदुइन’. मालकानं काढलं तर ‘मिनुत इर्तिसानोत्तीन’. हे दोन शब्द सारखे ऐकू येतात, परिणाम मात्र वेगळे आहेत:

- योग्य कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली तर बेरोजगारी भत्ता सुरू होण्याआधी 45 दिवसांचा खंड पडतो.
- करारात वेगळं काही ठरलं नसेल तर राजीनाम्याची मुदत नोकरीच्या पहिल्या 5 वर्षांपर्यंत 14 दिवस आणि त्यानंतर 1 महिना असते.
- अर्जात कुठला शब्द लिहिता ते दोनदा तपासा. ‘तॉइस्तॅ लॅह्तेॲ’ असं मोघम लिहू नका.
- सरकारी कार्यालयानं स्वतःहून सुरू केलेल्या प्रकरणात भाषा कळत नसेल तर दुभाषी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वाक्य: तार्वित्सेन तुल्किन.

पुढे कुठे शिकाल

तिथे नोकरी शोधणारे म्हणून नोंद झालेल्या स्थलांतरितांसाठी भाषेसह प्रशिक्षणाची सोय असते. 1 जानेवारी 2025 पासून रोजगार सेवा नगरपालिकांकडे गेल्या आहेत, त्यामुळे चौकशी आपल्या नगरपालिकेत करा. नोकरी करणाऱ्यांना आणि सोबत गेलेल्या जोडीदारांना प्रौढ शिक्षण संस्थांचे संध्याकाळचे वर्ग सोयीचे पडतात. सार्वजनिक प्रसारण संस्था ‘युले’ सोप्या फिनिशमध्ये बातम्या देते. त्या इथे मावळात बसूनही ऐकता येतात, आणि निघण्याआधी रोज ऐकाव्यात असा माझा सल्ला आहे. पुढे नागरिकत्वासाठी भाषा दाखवायची वेळ आली तर ‘युकि’ या राष्ट्रीय भाषा परीक्षेतली किमान 3 ही पातळी लागते, आणि त्यात बोलण्याचीही परीक्षा असते.

तुम्ही परदेशी आहात हे पाहून समोरचा माणूस लगेच इंग्रजीवर येईल. तो मदत म्हणूनच येतो, पण त्यानं तुमचा सराव थांबतो. तेव्हा न संकोचता विचारा: वोइदाऽन्को पुहुआ सुओमेआ? म्हणजे ‘फिनिशमध्ये बोलूया का?’